मोटरहोम आठ महिने दारात उभी राहणार आहे. काय काय करून ठेवू?

मुक्काम_पोस्ट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे पुढचे निदान आठ महिने आमचं फिरणं बंद. त्या पुन्हा चालत्या व्हाव्यात एवढंच सध्या डोक्यात आहे. पण दारात उभी असलेली गाडी बघितली की पोटात कालवतं. साडेसहा मीटर लांब, डिझेल, मागे बांधलेली खोली, अकरा वर्षं जुनी. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून ती तीन आठवड्यांच्या वर कधी एका जागी राहिलेली नाही.

घराच्या बाजूला फरसबंद जागा आहे, वर छप्पर नाही. आमच्या घरात सध्या चार गोष्टींवर वाद चाललेत:

गाडी झाकावी का? दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं की पुरे, असं यांचं म्हणणं, ते बरोबर का? टायर खराब होऊ नयेत म्हणून गाडी जॅकवर चढवून ठेवायची का? आणि बॅटरी काढून घरात आणायची की तिथेच राहू द्यायची?

ज्यांनी स्वतः गाडी अशी ठेवली आहे त्यांनी सविस्तर लिहा. खूप वाचायची तयारी आहे.

पाना_पक्कड

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण ही चूक सगळेच करतात. दहा मिनिटांचा रविवार बंद करा. इंधन जळताना वाफ तयार होते. इंजिन पूर्ण तापलं तर ती निघून जाते. उभ्या गाडीत दहा मिनिटांत ऑइल कोमटसुद्धा होत नाही, डिझेलचं तर मुळीच नाही. मग ते पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये बसतं. शिवाय सेल मारताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढंही दहा मिनिटांत परत येत नाही.

दोनच रस्ते आहेत. एक, तीन-चार आठवड्यांनी गाडी खरंच बाहेर काढा, अर्धा-पाऊण तास चालवा, मधूनमधून नीट ब्रेक दाबा. दुसरा, ते जमणार नसेल तर ऑइल आणि फिल्टर आत्ताच बदला (वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल साठतं, ते महिनोन्महिने बेअरिंगवर राहू देऊ नये), टाकी काठोकाठ भरा आणि मग इंजिनला हात लावू नका. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, म्हणजे बाष्पही कमी. डिझेलच्या तळाशी पाणी साठलं की त्यात जंतू वाढतात, काळपट चिकट गाळ होतो आणि फिल्टर चोंदतो. फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असेल तर तेही काढून घ्या.

हँडब्रेक लावून ठेवू नका, ब्रेकचे शूज चाकाच्या ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.

गोगलगाय

पाठीवर घर घेऊन फिरणाऱ्यांचा धागा! वाचनखूण साठवली आहे.

निवांत

काका, पेट्रोलवाल्यांसाठी पण दोन ओळी लिहा ना.

पाना_पक्कड

पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतलं पाणी शोषतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉल तळाशी वेगळं होऊन बसतं. उभं करायच्या आधी ताज्या पेट्रोलात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं रसायन) टाका आणि थोडं चालवा, म्हणजे ते पुढच्या नळ्यांपर्यंत पोचेल. गाडीत पेट्रोलचा जनरेटर असेल तर त्याची वेगळी काळजी घ्या. महिन्यातून एकदा तासभर तरी, निम्म्या लोडवर चालवा. नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये डिंक तयार होतो.

बारा_व्होल्ट

बॅटरीचा प्रश्न माझा लाडका, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, आधी हे लक्षात घ्या की तुमच्याकडे बहुधा दोन बॅटऱ्या आहेत, एक इंजिनची आणि एक घराची, म्हणजे मागच्या खोलीची. बाहेरून केबलने वीजजोडणीवर लावलं की घराची बॅटरी चार्ज होते. इंजिनची होतेच असं नाही, ते गाडीगणिक बदलतं. मीटर लावून बघा.

आता हिशेब. सगळं बंद केलं तरी गॅसचा अलार्म, रेडिओची मेमरी, पॅनेलचा छोटा दिवा असं काहीबाही चालू असतं. समजा सगळं मिळून ५० मिलिअँपिअर जातात. दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले. १०० अँपिअर-तासाची बॅटरी ४२ दिवसांत निम्मी! आणि पॅनेलवरचं बटण बंद केलं म्हणजे सगळं तुटलं असंही नाही. खरा तोडणारा स्विच नसेल तर निगेटिव्ह वायर काढा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

चार्जिंग थांबवून काही तासांनी व्होल्टेज मोजा. लेड-ॲसिड बॅटरीला १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि मग ती पूर्ववत होत नाही. कडाक्याच्या थंडीत भरलेली बॅटरी गोठत नाही, उतरलेली गोठून फुटू शकते.

काढून घरात ठेवली तरी महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करावीच लागेल. पाणी टाकायची बॅटरी असेल तर हवेशीर जागीच, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. लिथियमवाल्यांनी उलट करायचं. पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा आणि तापमान शून्याखाली असताना चार्ज करू नका.

रानवारा

छोटं सोलर पॅनेल टपावर असेल तर हे सगळं आपोआप होतं. २० वॉटचं पॅनेल आणि कंट्रोलर, माझी गाडी तीन वर्षं अशीच सांभाळलीय.

बारा_व्होल्ट

@रानवारा सहमत, पण त्यांनी गाडी झाकली तर पॅनेल अंधारात जाणार. म्हणून झाकायचं की नाही हे आधी ठरवा.

निवांत

झाकण्यावरून माझा धडा सांगतो. पहिल्या वर्षी मी साधी प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली आणि नायलॉनच्या दोरीने आवळून बांधली. चार महिन्यांनी काढली तेव्हा बाजूच्या खिडकीवर, नेमकी ताडपत्रीची पितळी कडी जिथे हलत होती तिथे, अर्धचंद्राच्या आकाराचा पांढरा ओरखडा. खिडक्या ॲक्रिलिकच्या, त्यामुळे तो कायमचाच. दोरी जिथे कोपऱ्यावर घासली तिथला रंग पत्र्यापर्यंत गेला. आणि दार उघडलं तेव्हा असा कुबट वास आला की बायको पायरीवरूनच मागे फिरली. गाद्यांच्या खाली हिरवी बुरशी. बाहेरून पाऊस आत आलाच नव्हता, आतली ओलच बाहेर जाऊ शकली नव्हती.

हवा जाऊ देणारं कापडी कव्हर घ्या, अंगाला बेताचं बसणारं, आणि गाडी धुऊन वाळवूनच घाला. नाहीतर कापडाखाली धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

टपावरचा

मी कव्हरच्या बाजूचा नाही. चांगलं असो की वाईट, गाडी झाकली की माणूस बघायचं सोडून देतो. अशा बांधणीच्या गाडीचा खरा शत्रू पाणी आहे. टपाचे सांधे, हवा येण्याच्या झडपा, खिडक्यांची रबरं, वरचे दिवे, सायकलच्या स्टँडचे बोल्ट. जिथे जिथे कोणी भोक पाडलंय तिथून कधीतरी पाणी येणार. आत पातळ प्लायवूड, लाकडी पट्ट्या, फोम. ते कुजायला लागल्यावर बाहेरून वर्षभर काहीही दिसत नाही.

ताई, अकरा वर्षांची गाडी आहे म्हणता, तर इतर काही करायच्या आधी आज दुपारी हे करा. आतून प्रत्येक भिंत बोटाच्या पेराने ठोकत जा. ठणठणीत वाजलं तर ठीक. जिथे बद्द वाजेल तिथे अंगठ्याने दाबा. कपाटांच्या आत, गाद्यांच्या मागे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत, टपाच्या झडपेभोवती. दोन सुयांचं ओल मोजणारं मीटर मिळतं. १५ टक्क्यांच्या खाली निश्चिंत राहा, २० च्या वर गेलं तर शोध घ्या, ३० च्या वर म्हणजे आत लाकूड खराब व्हायला लागलंय.

गाडी पूर्ण सपाट उभी करू नका. पाण्याची वाट ज्या बाजूला आहे तिकडे किंचित उतार द्या, टपावर डबकं राहता कामा नये. (फ्रीज गॅसवर चालणारा असेल तर तो चालू करताना मात्र गाडी समतल हवी.)

चांदणी_रात्र

@टपावरचा, तुमचं पटतं, पण भर उन्हात आठ महिने उघडी ठेवली तर रबरं आणि सीलंट उन्हानेच तडकतात ना? माझं मत, कव्हर घालावं आणि महिन्यातून एकदा दारापुरतं उघडून आत फेरी मारावी. आत जाऊन वास घेतला की निम्मी तपासणी होते.

आता माझ्या खात्यातलं. गाडीतलं पाणी:

स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, गीझर, सगळं रिकामं करा. गीझर आधी थंड होऊ द्या. मग सगळे नळ, गरम-गार दोन्ही बाजू, उघडे ठेवा. शॉवरचा हँडल खाली सोडा, त्यात हमखास पाणी अडकतं. पंप क्षणभर चालवून त्यातलं पाणीही बाहेर काढा.

टॉयलेटची टाकी धुऊन वाळवा, मधली झडप थोडी उघडी ठेवा, नाहीतर रबर चिकटतं. त्या रबराला स्वयंपाकाचं तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, फुगतं. सिलिकॉनचं वंगण लावा.

फ्रीज पुसून दार फटीएवढं उघडं. गाद्या भिंतीपासून काढून उभ्या करून ठेवा. कपाटांची दारं उघडी. घड्यांचे पडदे खिडकीवर ओढून ठेवू नका, त्यांची स्प्रिंग सैल पडते. बाहेरची कनात ओली गुंडाळलेली असेल तर आजच उघडून वाळवा.

आणि परत निघताना टाकी निर्जंतुक करायची. साधं, बिनवासाचं ब्लीच, लिटरला १ मिलिलिटर, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडायचं, काही तास ठेवायचं आणि वास जाईपर्यंत खळाळून धुवायचं. गीझरला ब्लीच चालतं का ते त्याच्या पुस्तिकेत बघा.

शेवटचा_थांबा

ज्यांच्याकडे पाणी गोठतं त्यांना नुसतं रिकामं करणं पुरत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पंपाच्या डोक्यात चमचाभर राहिलं तरी तो चिरतो, माझा चिरलाय. नळ्यांत हवेचा दाब देऊन पाणी काढा किंवा पिण्याच्या नळ्यांसाठीचं गुलाबी अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव) फिरवा. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं. रेडिएटरचं एथिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ चुकूनही वापरू नका, ते विष आहे. बेसिनखालच्या वाकड्या नळीतही थोडं ओता.

रानवारा

उंदरांबद्दल कोणीच कसं बोललं नाही? गाडी उभी राहिली की उंदरांना वाटतं, आपली सहल निघाली! दोन वर्षांपूर्वी माझ्या डॅशबोर्डमागे घरटं सापडलं. गादीतला कापूस, टिश्यू पेपर आणि वायपरच्या वायरचं लाल आवरण, सगळं नीट विणलेलं. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. खाली झोपून टॉर्चने बघा, जिथे नळ्या-वायरी आत जातात ती सगळी भोकं स्टीलच्या काथ्याने गच्च भरा. मी तर तळाची एकूण एक भोकं बुजवून टाकली.

पाना_पक्कड

@रानवारा थांबा! एकूण एक नाही. आत्ताच जाऊन बघा. गॅसच्या कपाटाच्या तळाशी आणि गाडीच्या तळात जी उघडी भोकं असतात ती मुद्दाम ठेवलेली असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट, ब्युटेनची दुप्पट. गळती झाली तर तो खाली साचतो आणि त्या भोकांतून बाहेर जातो. ती बुजवली तर गॅस आत राहील. नळ्या-वायरींभोवतीच्या फटी बुजवा, हवेची भोकं मोकळी ठेवा.

सिलिंडरची झडप बंद करा आणि मग शेगडी पेटवून नळीत उरलेला गॅस जाळून टाका.

रानवारा

काका, जाऊन आलो. गॅसच्या कपाटाखालचं भोक मी खरंच बुजवलं होतं. स्टीलचा काथ्या उपटून काढला. दोन वर्षं आम्ही त्या शेगडीवर चहा करत होतो. काय बोलू. मनापासून धन्यवाद.

पाना_पक्कड

साबणाच्या पाण्याने सगळे जोड एकदा तपासून घ्या. रबरी नळीवरची तारीखही बघा.

गोगलगाय

हे वाचून मीही टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो. माझी मोकळी आहेत.

शेवटचा_थांबा

थोडं अवांतर. जागेत गाडी लावताना शेपटाकडे लक्ष ठेवा. मागच्या चाकांच्या मागे दीड-दोन मीटर बॉडी असते. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण मारलं की शेपूट उजवीकडे बाहेर फेकलं जातं. पुढचं सगळं आरशात मोकळं दिसत असताना माझा मागचा कोपरा कुंपणाच्या खांबाला लागला. भिंतीला लागून उभी असेल तर आधी सरळ पुढे घ्या, मग वळवा. आणि जागा मोजताना आरशांसकट मोजा, उंची टपावरच्या सगळ्यात उंच वस्तूपर्यंत.

निवांत

टायरचं राहिलं.

जॅकवर आठ महिने अजिबात नको. हायड्रॉलिक जॅक हळूहळू खाली बसतो. कोपऱ्यांतले चार पाय गाडी डुलू नये म्हणून असतात, वजन उचलायला नाही. उचलायचीच असेल तर ॲक्सलखाली योग्य जागी पक्के स्टँड. पण माझ्या मते त्याची गरज नाही. हवा कंपनीने दिलेल्या वरच्या मर्यादेपर्यंत भरा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका. महिन्यातून एकदा गाडी पाव चाक पुढे-मागे करा, म्हणजे एकाच जागी सपाट होणार नाही. चाकाखाली फळ्या घातल्या तर पूर्ण टायर फळीवर बसू दे, अर्धा लोंबकळत नको. बाजूला ऊन लागतं तिथे चाकांवर कव्हर घाला.

टायरच्या रबरात मेणासारखे घटक असतात, चाक फिरताना ते पृष्ठभागावर येऊन भेगांपासून वाचवतात. उभ्या गाडीत ते येत नाहीत. म्हणून नक्षी ताजी दिसली तरी टायर म्हातारा झालेला असू शकतो. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांपुढे जो क्रमांक असतो त्याचे शेवटचे चार अंक वाचा. पहिले दोन म्हणजे टायर बनवल्याचा आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

मुक्काम_पोस्ट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! तीन दिवस एकेक करत गेले, आता अहवाल.

घराची बॅटरी १२.६. इंजिनची १२.१! बारा_व्होल्ट, तुम्ही म्हणालात तसंच. इतके दिवस केबल लावली की दोन्ही भरतात असं आम्ही धरून चाललो होतो. चार्जर लावलाय.

टायरवर १४१५. म्हणजे २०१५ सालचा १४ वा आठवडा, गाडीबरोबर आलेलेच टायर. नक्षी इतकी छान की आम्हाला कधी शंकाच आली नाही. आता आठ महिने उभी करायच्या आधी नवे घालू का?

आणि टपावरचा, तुमचं ऐकलं. सगळ्या भिंती ठोकल्या. ठण, ठण, ठण. मागच्या डाव्या कोपऱ्यात, पलंगाच्या गादीमागे, बद्द. अंगठा दाबला तर भिंत आत गेली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. वरच्या पट्टीचा एक स्क्रू फिरवला तर तो न फिरता सरळ हातात आला, तांबूस-काळा, आणि आट्यांमध्ये ओल्या लाकडाचा भुगा. रात्रभर झोप नाही. सासूबाईच म्हणाल्या, आत्ता कळलं हे बरं झालं, आठ महिन्यांनी कळलं असतं तर? आता यांना वाटतंय बाहेरून सिलिकॉन मारून टाकावं. मारू का?

टपावरचा

सिलिकॉन मुळीच नको, आणि सध्या बाहेरून काहीच बंद करू नका. ओल आत कोंडली जाईल. सिलिकॉनवर पुढे दुसरं सीलंट धरतही नाही.

आधी वाट शोधा. एक जण आत टॉर्च घेऊन, एक जण बाहेर साधी पाण्याची नळी घेऊन, जोराचा फवारा नको. खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा, प्रत्येक सांध्यावर पाच-सात मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्यावरून ओघळेल आणि कुठून आलं ते कळणारच नाही. वाट सापडली की तो भाग खोलून, जुनं सीलंट खरवडून काढायचं. आतलं कुजलेलं प्लाय कापून तिथे मोकळं सोडा, हवा लागू दे. मीटर १५ च्या खाली स्थिर येईपर्यंत थांबायचं, आठवडे लागतील. मग ब्युटाइल टेप (सांधे बुजवायची चिकट रबरी पट्टी) लावून परत बसवायचं.

तुमच्याकडे आठ महिने आहेत ताई. फिरत असताना हे काम कोणाला जमत नाही.

निवांत

टायर आत्ता बदलू नका. नवे आणून उभ्या उभ्या आठ महिने जुने करायचे कशाला? यांच्यावरच उभी राहू द्या, निघायच्या आठवड्यात नवे घाला. पण तोवर लांबचा रस्ता नाही.

पाना_पक्कड

आणि म्हणून तुमच्यासाठी माझा दुसरा रस्ता. ऑइल बदला, टाकी भरा, चालवू नका.

चांदणी_रात्र

कव्हरबद्दलचं माझं मत मी मागे घेते. ओल असताना कव्हर नको.

मुक्काम_पोस्ट

सापडलं! खिडकी नाही, टपाची कडही नाही. मागे सगळ्यात वर लाल दिवा आहे ना, त्याच्या मागचं रबर. नळी तिथे नेली आणि दोन मिनिटांत आतून हे ओरडले. दिवा काढला तर रबर बोटाने कुस्करलं इतकं सुकलेलं, आणि वायरीच्या भोकातून पाणी सरळ भिंतीत. त्या दिव्याकडे आम्ही दोन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

आतलं प्लाय ताटाएवढं कापलंय. मीटर आज ३४ दाखवतंय. दिव्याच्या भोकावर तात्पुरती टेप लावलीय, पाऊस आला तर म्हणून. आत छोटा पंखा चालू आहे. कव्हर मीटर खाली येईपर्यंत घेणार नाही, यावर घरात एकमत झालं. दर रविवारी इंजिन सुरू करण्याऐवजी हे आता मीटर घेऊन आत जातात आणि आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवतात.

टपावरचा

उजव्या बाजूचा तसाच दिवा पण काढून बघा.

मुक्काम_पोस्ट

उद्या सकाळी पहिलं तेच.